चाकणची छावणी : मोहिमेतून वाचलेल्यांचे दोन महिने

चाकणचा किल्ला म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, फिरंगोजी नरसाळा. साल १६६०, समोर शाहिस्तेखान, आत मूठभर मावळे, आणि पन्नासहून अधिक दिवस चाललेला वेढा. ते आठवणं योग्यच आहे. पण आजचा विषय त्याच्या दोनशे वर्षं आधीचा आहे. या गावात तेव्हाही एक वेढा पडला होता, तोही दोन महिने चालला होता, आणि त्याचा शेवट इतका भयंकर झाला की दक्षिणेच्या इतिहासात तो पुढं पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला.

भर दर्यात गलबत फुटावं आणि वाचलेल्यांनी हाती लागेल त्या किनाऱ्यावर राहुट्या ठोकाव्यात, तशी ही छावणी होती. फुटलं होतं ते गलबत नव्हे, एक अख्खी लष्करी मोहीम. कोकणच्या जंगलात बुडालेल्या बहमनी फौजेतले उरलेसुरले लोक घाट चढून चाकणला आले. तात्पुरते थांबू, राजधानीला पत्र लिहू, हुकूम आला की निघू, एवढाच त्यांचा बेत होता. त्यांच्यावर चालून आलं ते त्यांच्याच सुलतानाचं सैन्य. हे कसं घडलं, ते आज क्रमानं पाहायचं आहे.

आधी काळ निश्चित करू. दक्षिणेत बहमनी राज्य होतं. राजधानी बीदर, आणि गादीवर अलाउद्दीन अहमदशाह दुसरा. त्याची कारकीर्द १४३६ ते १४५८. बीदरला त्यानं दवाखाना बांधला आणि तिथं हकीम आणि वैद्य दोन्ही नेमले, अशी त्याची ख्याती. पण पुढं पुढं दरबार भरवणं कमी झालं, मद्य वाढलं आणि कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरणार आहे. फिरिश्ता हा फारसी इतिहासकार चाकणची घटना १४५३ च्या सुमारास धरतो. काही आधुनिक अभ्यासक ती सहा-सात वर्षं मागे नेतात. घटनाक्रमात त्यानं फरक पडत नाही.

आता प्रश्न, चाकणच का? नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला जुन्नर. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट, म्हणजे कोकणातल्या बंदरांकडून देशावर येणारी फार जुनी वाट. दक्षिणेला पुणे, पश्चिमेला मावळ आणि त्यातून कोकणात उतरणारे घाट. या सगळ्यांच्या मध्ये, भामा आणि इंद्रायणी या नद्यांच्या दरम्यान, बऱ्यापैकी सपाट माळ आहे. घोडदळाला हवं असतं ते सगळं इथं मिळतं : चारा, पाणी, मोकळं मैदान, आणि घाटमाथा एक-दोन मजलांवर. डोंगरी किल्ल्यावर पाचशे माणसं राहतील, पण हजारो घोडी राहणार नाहीत. म्हणून ज्याला कोकणावर नजर ठेवायची त्याचं ठाणं जुन्नर-चाकण पट्ट्यातच पडायचं. आज त्याच माळावर गाड्यांचे कारखाने उभे आहेत, आणि कारण फारसं वेगळं नाही : सपाट जागा, आणि पुणे-नाशिक रस्ता.

इथं ठाणं घातलं ते मलिक-उत-तुज्जार यानं. हे नाव नव्हे, किताब आहे. अर्थ, व्यापाऱ्यांचा राजा. माणसाचं नाव खलफ हसन, राहणारा मूळचा इराकातल्या बसऱ्याचा. धंदा घोड्यांचा. दख्खनमध्ये चांगली घोडी पैदा होत नव्हती. ती अरबस्तान आणि इराणातून गलबतांनी चौल-दाभोळला यायची. त्यामुळे घोड्यांचा व्यापारी हा नुसता व्यापारी नसायचा. ज्याच्याकडे घोडी त्याच्याकडे फौज, आणि ज्याच्याकडे फौज तो राजकारणात. १४२२ साली गादीच्या भांडणात याच खलफ हसननं अहमदशाह वलीला साथ दिली, आणि सुलतान झाल्यावर अहमदशाहानं त्याला हा किताब दिला.

त्याच्या मागोमाग समुद्रावरून बरेच लोक आले. इराणी, अरब, तुर्क, मध्य आशियातले तिरंदाज, कर्बला आणि मदिनेकडचे सय्यद. यांना म्हणत ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’. इथं गरीब म्हणजे निर्धन नव्हे, परदेशी, परका. फारसी ग्रंथांत त्यांच्यातल्या काहींना ‘मुघल’ म्हटलंय. तिथं आपला गोंधळ होतो. हे औरंगजेबाचे मुघल नव्हेत. बाबराचा जन्म १४८३ चा, म्हणजे तो जन्मायलाही अजून तीस वर्षं होती.

दुसऱ्या बाजूला ‘दख्खनी’. यांतल्या अनेकांचे पूर्वज मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा उत्तरेतून आलेले. शंभर-सव्वाशे वर्षांत ते इथलेच झाले होते. त्यांच्यात इथले धर्मांतरित होते, आणि हबशी सरदारही त्यांच्याच बाजूला. एकूण भांडण सरळ होतं. ज्यांनी राज्य उभं केलं ते म्हणत, काल जहाजातून उतरलेला आज आमच्या डोक्यावर का? आणि जहाजातून उतरलेला म्हणे, लढतो मी, मग मान का नाही? त्यात पंथाचाही भाग होता. आफाकींत शिया पुष्कळ, दख्खनी बहुतेक सुन्नी. पण मुख्य भांडण जागेचं होतं, म्हणजे दरबारातल्या जागेचं.

अगदी शब्दशः जागेचं. १४३७ च्या सुमारास खानदेशच्या नासिरखान फारुकीनं वऱ्हाडावर स्वारी केली. खलफ हसननं सुलतानाला सांगितलं, ही मोहीम माझ्याकडे द्या, पण दख्खनी आणि हबशी बरोबर नकोत, फक्त परदेशी तिरंदाज द्या. त्यानं रोहणखेडला, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, नासिरखानाचा पराभव केला आणि थेट बऱ्हाणपुरापर्यंत मुसंडी मारली. परत आल्यावर सुलतानानं हुकूम काढला : यापुढे दरबारात परदेशी उजव्या हाताला, दख्खनी आणि हबशी डाव्या हाताला. उजवी बाजू मानाची. फिरिश्ता म्हणतो, त्या दिवसापासून वैर पेटलं. विजयानंतर जिंकणाऱ्याचा सत्कार करणं वेगळं, आणि उरलेल्यांना कायमचं डावीकडे बसवणं वेगळं. सुलतानानं दुसरं केलं.

आता कोकणाकडे वळू. बहमनी सत्ता देशावर भक्कम होती, पण सह्याद्रीच्या खाली तिचा हुकूम चालत नव्हता. बंदरांतून घोडी येणार आणि वाट मात्र स्थानिक राजांच्या हातात, हे बीदरला परवडणारं नव्हतं. मलिक-उत-तुज्जारनं चाकणला मुख्य ठाणं केलं, जुन्नरची बाजू बळकट केली आणि तुकड्या पाठवून काही राजांना नमवलं. मग तो स्वतः उतरला. त्यानं ज्या राजाला धरलं त्याचं नाव फारसी ग्रंथांत ‘सिरका’ येतं, म्हणजे आपले शिर्के. त्यांच्यापुढं दोनच पर्याय ठेवले : धर्म बदला, नाहीतर मरा.

शिर्क्यांचं उत्तर फिरिश्त्यानं दिलंय, त्याचा आशय असा : माझं शेजारच्या खेळण्याच्या शंकररायाशी वैर आहे. मी एकटा धर्म बदलला तर तो मला भाऊबंदांत तोंड दाखवू देणार नाही. आधी त्याला जिंका, मग मीही तुमचा. वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे पुढचा विशाळगड. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतल्यावर त्याचं नाव बदललं.

मलिक-उत-तुज्जारला रानाची भीती ठाऊक होती, तरी त्यानं मान्य केलं. अनेक दख्खनी आणि हबशी सरदारांनी मात्र रानात शिरायला नकार दिला आणि ते मागे राहिले. त्याला तुम्ही फितुरी म्हणा किंवा शहाणपण. दोन्ही बाजूंनी पुढं दोन्ही शब्द वापरले.

पहिले दोन दिवस वाट रुंद आणि चांगली होती. तिसऱ्या दिवशी शिर्क्यांनी फौज अशा झाडीत नेली की रांग मोडली, माणसाला माणूस दिसेना. शेवटी तळ पडला तो तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला खाडी अशा खोऱ्यात. सेनापती रक्ती हगवणीनं आडवा पडलेला. राहुट्या ठोकायलाही सपाट जागा नाही. शिर्क्यांचा निरोप शंकररायाला पोचला होता. मध्यरात्री हल्ला झाला. रान परक्याचं, रात्र अंधारी आणि मागे पाणी. फिरिश्ता सात हजारांचा आकडा देतो. त्यात खुद्द मलिक-उत-तुज्जार होता आणि पाचशे सय्यद होते. आकडा फुगवलेला असू शकतो. मध्ययुगीन ग्रंथांत आकडे असेच येतात. पण फौज बुडाली यात शंका नाही. समुद्रावरून आलेली माणसं खाडीच्या काठावर संपली.

इथून आपल्या छावणीची गोष्ट सुरू होते. वाचलेले लोक धडपडत रानाबाहेर आले आणि मागे थांबलेल्या दख्खनी सरदारांना भेटले. ते म्हणाले, आता आपापल्या जहागिरीवर जा, सावरा, मग बघू. सल्ला वाईट नव्हता. पण हे लोक चाकणला गेले. का, ते समजून घ्या. त्यांची बायकामुलं तिथं होती. ठाणं त्यांच्या मेलेल्या सेनापतीचं होतं. घोडी गेलेली, तंबू गेलेले, जखमी बरोबर. अशा वेळी माणूस सोयीचा विचार करत नाही, आपली माणसं जिथं आहेत तिथं जातो.

आणि एक चूक झाली. त्यांच्यातला कोणीतरी दख्खनींच्या तोंडावर बोलून गेला की, चाकणला पोचलो की सुलतानाला लिहितो, तुम्ही साथ सोडलीत म्हणून हे झालं. मनात असतं ते सगळंच उघड बोलायचं नसतं. दख्खनी सरदारांना कळलं की आता ज्याचं पत्र आधी पोचेल तो वाचेल. त्यांनी आधी लिहिलं. आम्ही नको म्हणत असताना मलिक-उत-तुज्जार रानात शिरला आणि मेला. उरलेले परदेशी चाकण बळकावून बसलेत. ते कोकणच्या राजांना मिळालेत. सुलतानाविरुद्ध बंड आहे.

बघा, या पत्रात पहिलं वाक्य जवळजवळ खरं आहे. दुसरं अर्धं खरं आहे. ते चाकणला होतेच. तिसरं पूर्ण खोटं. ज्यांनी त्यांची फौज कापून काढली त्याच राजांशी त्यांचं संगनमत, असा हा आरोप. पण तिन्ही एका कागदावर आली की पहिल्याचं खरेपण तिसऱ्याला चिकटतं.

हे पत्र मुशीर-उल-मुल्क दख्खनी यानं सुलतानापुढं ठेवलं, आणि त्यासाठी सुलतान नशेत असतानाची वेळ निवडली. हुकूम निघाला. मुशीर-उल-मुल्क आणि निजाम-उल-मुल्क हे दोघे फौज घेऊन चाकणवर निघाले. म्हणजे फिर्यादीच अंमलबजावणीला. चाकणच्या लोकांनीही अर्ज लिहिले, एक नव्हे, अनेक. ते वाटेत अडवले गेले, आणि जे दरबारापर्यंत गेले ते तिथल्या चिटणिसानं, मुस्तफाखानानं, दाबून ठेवले.

मग वाचलेल्यांनी आजूबाजूच्या गावांतून धान्य गोळा केलं, दरवाजे लावले आणि ते बसून राहिले. सुमारे दोन महिने. ही बंडाची छावणी नव्हती. बंडखोर बाहेर पडतो, मुलूख घेतो, शेजारच्या राजाशी करार करतो. गुजरातचा सुलतान जवळच होता, त्याच्याकडे जाणं अवघड नव्हतं. यांनी तसलं काही केलं नाही. ते उत्तराची वाट पाहत होते. इतिहासात छावण्या लढायला पडतात. ही छावणी कुणीतरी आपलं पत्र वाचावं म्हणून पडली होती.

शेवटी त्यांनी ठरवलं की उत्तर येत नाही, तर आपणच बीदरला जाऊ. बायकामुलांपाशी थोडी शिबंदी ठेवायची आणि उरलेल्यांनी वेढा फोडून थेट सुलतानापुढं उभं राहायचं. ही बातमी बाहेर फुटली आणि वेढा घालणारे घाबरले. कारण हे लोक बीदरला पोचले तर खोटं उघडं पडणार. लढून अडवायचं तर निकालाची खात्री नाही. म्हणून त्यांनी निरोप पाठवला : सुलतानानं तुम्हाला माफ केलंय, सामानसुमान घेऊन हवं तिथं जा. कुराणावर शपथ घेतली.

आतले सुमारे अडीच हजार लोक, त्यांतले बाराशे सय्यद, कुटुंबांसह बाहेर आले आणि मोकळ्यावर तळ दिला. प्रवासासाठी जनावरं, गाडे जमवायचे होते. तीन दिवस सरदारांनी उत्तम वागणूक दिली. चौथ्या दिवशी प्रमुख मंडळींना किल्ल्यात मेजवानीचं आमंत्रण आलं. सुमारे तीनशे जण गेले आणि पानावर बसलेले असताना मारले गेले. त्याच वेळी बाहेर चार हजार हत्यारबंद लोक तळावर तुटून पडले. फिरिश्ता बाराशे सय्यद आणि हजार इतर परदेशी मेल्याचं लिहितो, आणि लहान मुलांनाही सोडलं नाही, असंही लिहितो. बायका पळवल्या गेल्या.

एक तुकडी वाचली. कासिम बेग आणि त्याचे दोन सोबती यांचा तळ इतरांपासून थोडा लांब, सुमारे कोसभर अंतरावर होता. आरडाओरड ऐकताच त्यांनी आपल्या बायकांना पुरुषी वेश चढवले, घोड्यांवर घातलं आणि बीदरची वाट धरली. मागे दाऊदखान दोन हजार स्वार घेऊन लागला. पुढच्या जहागिरदारांना निरोप गेले की बंडखोर येतायत, अडवा. बीडचा जहागिरदार हसनखान, हाही दख्खनीच. पण विजयनगरच्या एका लढाईत कासिम बेगनं त्याला मदत केली होती. त्यानं बाजू घेतली ती कासिम बेगची. दाऊदखान लढाईत मेला, आणि हसनखानानं सुलतानाला खरं काय ते लिहून कळवलं. त्याचं पत्र मात्र पोचलं.

पुढं चौकशी झाली. मुस्तफाखानाला मारून त्याचं प्रेत रस्त्यांतून फिरवलं. मुशीर-उल-मुल्क आणि निजाम-उल-मुल्क यांना बेड्या घालून चाकणहून पायी बीदरला आणलं, मालमत्ता जप्त केली. कासिम बेगला दौलताबाद-जुन्नरची सुभेदारी, म्हणजे मेलेल्या सेनापतीची जागा मिळाली. न्याय झाला म्हणायचं. पण तो चाकणच्या माळावरच्या लोकांना उपयोगी पडला नाही.

आता एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे सगळं आपल्याला सांगतोय कोण? फिरिश्ता. तो या घटनेनंतर दीडशे वर्षांनी लिहितोय. तो स्वतः इराणी कुळातला, कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा, लहानपणी अहमदनगरला आलेला. १५८९ मध्ये अहमदनगरात परदेशींची पुन्हा कत्तल झाली, आणि त्याच साली तो विजापूरला गेला. म्हणजे चाकणची हकिकत लिहिणारा हा स्वतःही एका कत्तलीतून वाचलेलाच आहे. त्याच्या लिखाणात दख्खनी इतके काळे आणि सय्यद इतके निष्पाप का, ते यावरून कळतं. मेलेल्या सय्यदांची वंशशुद्धता तो मोजतो. शिर्क्यांच्या गावांत काय जाळलं गेलं ते मोजत नाही. आणि तलवारीखाली धर्म बदलायला सांगितलेल्या माणसानं वाट चुकवली, तर त्याला तो दगाबाज म्हणतो. कोकणच्या बाजूनं पाहिलं तर ती घर वाचवण्याची लढाई होती. दख्खनी सरदारांची बाजू सांगणारं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. म्हणून फिरिश्ता वाचायचा, पण तो बोलतोय कुठल्या बाजूला उभा राहून, हे विसरायचं नाही.

या प्रकरणातून बहमनी राज्य काही शिकलं का? लष्करी धडा शिकलं. साधारण याच काळात महमूद गवान हा गिलानचा व्यापारी दाभोळला उतरला. पुढं त्यालाही मलिक-उत-तुज्जार हाच किताब मिळाला. १४६९ नंतर तो खेळण्यावर गेला, तेव्हा त्यानं घाई केली नाही. रान तोडत, जाळत वाट मोकळी केली, पावसाळ्यात मागे सरला, पुन्हा आला, आणि १४७२ मध्ये गोव्यापर्यंत पोचला.

राजकीय धडा मात्र कुणी शिकलं नाही. १४८१ मध्ये दख्खनी सरदारांनी गवानच्या शिक्क्याचं एक बनावट पत्र तयार केलं. त्यात तो शत्रूला मिळाल्याचा मजकूर होता. ते पत्र दुसऱ्या एका बहमनी सुलतानाला, तोही नशेत असताना, दाखवलं. चौकशीच्या आधी शिक्षा झाली. गवान मारला गेला आणि काही वर्षांत राज्याचे तुकडे पडू लागले. चाकणचंच प्रकरण राजधानीत पुन्हा घडलं : एक कागद, एक प्याला आणि न ऐकलेली दुसरी बाजू. आफाकी आणि दख्खनी एकमेकांना मारू शकले याचं कारण केवळ वैर नव्हे. वैर सगळ्याच राज्यांत असतं. दोन्ही बाजू ऐकणारा जो एक माणूस असायला हवा होता, तो ऐकायच्या स्थितीत नव्हता.

जाता जाता पुन्हा फिरंगोजीकडे येऊ. १६६० च्या ऑगस्टात सुरुंगानं बुरूज उडाल्यावर, राव भावसिंगाच्या मध्यस्थीनं, फिरंगोजीनंही शब्दावर विश्वास ठेवून चाकण सोडलं. मुघलांच्या बाजूचे २६८ मेले होते, ६०० जखमी होते. सूड घ्यायला कारण भरपूर होतं. पण शाहिस्तेखानानं दिलेला शब्द पाळला. चाकरीत येतोस का, असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर त्याला जाऊ दिलं.

एकाच गावात दोन वेढे, दोन्हींचा शेवट शब्दावर. एकदा माणसं वाचली, एकदा गेली. चाकणला गेलात तर किल्ल्याचे थोडे अवशेष अजून आहेत, खंदकाच्या खुणा आहेत. फिरंगोजीची आठवण तिथं होतेच, व्हायलाच हवी. त्याच्या बरोबरीनं त्या माळावर उत्तराची वाट पाहत बसलेल्या परक्या माणसांचीही व्हावी, एवढंच आज सांगायचं होतं.